पहिल्या प्याल्याचं वय

गेल्या वर्षी माझ्याकडे भाषांतराचं एक काम आलं. शिक्षक आणि समुपदेशकांच्या प्रशिक्षणासाठी तयार केलेली एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायची होती. मुलं कायद्याने ठरवलेल्या वयाच्या आधीच दारू पितात, ते कसं रोखायचं, त्यासाठी आपल्या भागातली माहिती कशी गोळा करायची, मुलांशी रोज संबंध येणाऱ्या माणसांना काय शिकवायचं, असा सगळा मजकूर. पहिल्याच पानावर अडले. ‘अंडरएज’ला मराठीत काय म्हणायचं? ‘अल्पवयीन’ म्हटलं की अठराच्या आतलं मूल डोळ्यांसमोर येतं. पण मी राहते त्या फरीदाबादला वीस वर्षांचा, मतदान करून आलेला मुलगाही दारूच्या दुकानापुरता ‘अंडरएज’च असतो. कोर्टकचेरीच्या जुन्या मराठीत ‘सज्ञान’च्या उलट ‘अज्ञान’ असा शब्द आहे. तो लिहिला आणि लगेच खोडला.

पुढे प्रश्नावलीचा नमुना होता. त्यात एक प्रश्न असा: पहिल्यांदा दारू घेतली तेव्हा तुमचं वय काय होतं? हे लिहिताना मराठी माणसाच्या मनात जे यायचं तेच आलं. पहिला प्याला, म्हणजे ‘एकच प्याला’.

गडकऱ्यांचं हे नाटक १९१९ साली बडोद्याला पहिल्यांदा रंगभूमीवर आलं, गडकरी गेल्यानंतर काही आठवड्यांनी. तेव्हापासून दारूचा विषय निघाला की मराठी मन त्याच वाटेने जातं. सुधाकर हा बुद्धिमान वकील, सनद काही काळासाठी जाते, मानी स्वभावाला ते सोसत नाही, आणि तळीराम त्याच्या हातात पेला देतो. पण सुधाकर तेव्हा लग्न झालेला, शिकलेला, कमावता पुरुष आहे. आर्य मदिरा मंडळातले सगळे सभासदही मिशा फुटून कैक वर्षं झालेले. नाटकात मूल आहे, पण ते सिंधूच्या मांडीवरचं तान्हं. दारूचा बळी म्हणून ते येतं. पिणारा म्हणून मूल या कथेत कुठेही येऊ शकत नाही, कारण हा सगळा पतनाचा प्रवास आहे आणि पडण्यासाठी आधी उंचावर पोचावं लागतं.

हे गडकऱ्यांवर दोषारोप म्हणून सांगत नाही. दारूडा म्हणजे मोठा बाप्या, ही समजूत एका नाटकाची नव्हेच. कायद्याचीही तीच होती, आणि पुढे पाहण्या करणाऱ्यांचीही. भाषांतराच्या निमित्ताने मी जुने कायदे आणि अहवाल चाळत गेले तेव्हा हे हळूहळू लक्षात आलं.

इकडच्या कायद्यापासून सांगते. हरियाणात आणि बरीच वर्षं दिल्लीतही १९१४चा पंजाब अबकारी कायदा चालत आला. त्याच्या २९व्या कलमात एक शब्द आहे, ‘अपॅरंटली’. अमुक वयाखालच्या ‘दिसणाऱ्या’ माणसाला परवानाधारकाने दारू विकू नये. वय असण्याचं नाही, दिसण्याचं आहे! दिल्लीने २००९ साली स्वतःचा नवा कायदा केला, त्यातही हा शब्द तसाच उचलला. म्हणजे शंभर वर्षं सगळा भार गल्ल्यावरच्या माणसाच्या नजरेवर. समोरचा पोरगा कोवळा दिसतो की नाही, हे त्याने संध्याकाळच्या गर्दीत, जाळीच्या आडून, दोन सेकंदांत ठरवायचं.

आणि या गल्ल्यावरच्या माणसाबद्दल कायद्याला काय माहीत होतं? त्याचं पुढचंच कलम, तिसावं, सांगायचं की जिथे लोक बसून दारू पितात तिथे पंचवीसच्या आतला पुरुष आणि कोणत्याही वयाची स्त्री कामाला ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात ही बंदी घटनाबाह्य ठरवली. तो निकाल स्त्रियांच्या रोजगाराच्या अंगाने गाजला आणि ते योग्यच. मला मात्र ती दोन कलमं एकाखाली एक वाचताना वेगळंच जाणवलं. विकणाऱ्याचं वय आणि लिंग कायद्याने ठरवून टाकलं होतं. पण ओळखपत्र कसं मागायचं, नाही म्हटल्यावर समोरचा अंगावर आला तर काय करायचं, हे त्याला कोणी शिकवावं असं या दोन्ही कलमांत कुठे नव्हतं. पुस्तिकेतला ‘वर्कफोर्स’ हा शब्द मी ‘मनुष्यबळ’ असा नेला. वाईट शब्द आहे, पण त्यात ‘मनुष्य’ तरी आहे.

मर्यादेचं वय काय असावं याचा इतिहास आमच्या गावात फारच गमतीदार आहे. बन्सीलालांच्या सरकारने १ जुलै १९९६ पासून हरियाणात दारूबंदी आणली, १ एप्रिल १९९८ ला ती उठली. त्या काळातही बदरपूरची हद्द ओलांडली की दिल्ली होती आणि तिथली दुकानं उघडी होती. मग डिसेंबर २०२१ मध्ये हरियाणा विधानसभेने दारूचं किमान वय २५ वरून २१ वर आणलं. विधेयकाच्या कारणांत म्हटलं होतं की लोक आता जास्त शिकलेले आहेत, समाज बदलला आहे आणि शेजारच्या दिल्लीनेही वय २१ केलं आहे. दिल्लीने ते जाहीर केलं होतं खरं, पण ज्या धोरणाचा तो भाग होता तेच २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं आणि कायद्यातले २५ तसेच राहिले. शेजाऱ्याकडे बघून आम्ही मर्यादा खाली आणली, आणि शेजारी होता तिथेच राहिला. माझ्या घराजवळून मेट्रो पकडून चार-पाच स्टेशनं गेलं की बाविशीच्या मुलाची कायद्यातली पात्रता रद्द होते. परतीच्या गाडीत ती पुन्हा मिळते.

महाराष्ट्रातही दोन वयं आहेत, बिअरसारख्या सौम्य मद्याला २१ आणि कडक मद्याला २५. पण मुलं सुरुवात कधी करतात, हे या आकड्यांपैकी एकावरूनही कळत नाही. त्यासाठी मोजावं लागतं.

मोजणी उशिरा आली. देशपातळीवरची पहिली मोठी घरोघरची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. चाळीस हजारांवर लोकांना प्रश्न विचारले होते. सगळे पुरुष, वय १२ ते ६०. बारापासून सुरुवात केली ही मोठीच गोष्ट, पण मुली आणि बायका घरोघरच्या त्या मोजणीत नव्हत्याच. त्यानंतर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगासाठी ‘एम्स’च्या व्यसनोपचार केंद्राने एक अभ्यास केला, तो २०१३ साली आला. त्यात आधीच नशा करणारी ४,०२४ मुलं होती. काही रस्त्यावर राहणारी, काही शाळेत जाणारी, काही घरी असून शाळा सुटलेली. त्यांनी सांगितलेलं पहिल्या दारूचं सरासरी वय १३.६ वर्षं होतं. तंबाखूचं त्याहून कमी, १२.३. ही मुलं निवडून घेतलेली होती, सगळ्या देशातल्या मुलांची ही सरासरी नव्हे. पण तेरा म्हणजे सातवी-आठवी. मी तो आकडा वाचला तेव्हा माझ्या मनातला सुधाकर एकदम फार म्हातारा झाला.

याहून जास्त बोलणारा अभ्यास गोव्यातला आहे. तो मुलांना विचारून केलेलाच नाही. उत्तर गोव्यातल्या २० ते ४९ वयाच्या १,८९९ पुरुषांना संशोधकांनी मागे वळून सांगायला लावलं की त्यांनी पिणं कधी सुरू केलं. १९५६ ते ६० मध्ये जन्मलेल्यांत किशोरवयात सुरुवात करणारे १९.५ टक्के निघाले. १९८१ ते ८५ मध्ये जन्मलेल्यांत ७४.३ टक्के. आठवणीवर विसंबलेल्या उत्तरांत चूक असतेच, वयस्क माणूस आपलं तारुण्य सोयीने मांडतो. पण एवढी मोठी दरी नुसत्या विसरण्याने पडत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लवकर सुरुवात केलेल्यांच्या पुढच्या आयुष्याचाही माग घेतलेला आहे. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटलं ते त्याचं भूगोलाने लहान असणं. देशाची सरासरी सांगितली असती तर ही एका पिढीतली उलथापालथ कुठल्या कुठे मुरून गेली असती.

दरम्यान ‘बचपन बचाओ आंदोलन’ने २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. डिसेंबर २०१६ च्या निकालात केंद्राला सांगण्यात आलं की मुलांमधल्या नशेची राष्ट्रीय पाहणी सहा महिन्यांत पूर्ण करा, चार महिन्यांत आराखडा तयार करा. पाहणीचा अहवाल आला फेब्रुवारी २०१९ मध्ये. दोन लाखांवर घरं, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं, १८६ जिल्हे, आणि या खेपेला स्त्रियाही. १० ते १७ वयाच्या मुलांत दारू घेणारे १.३ टक्के. हा आकडा छोटा दिसतो आणि त्यामुळेच पेपरांत तो मागे पडला. पण हुंगण्याच्या द्रव्यांत मुलं मोठ्यांच्या पुढे होती. अशा एका प्रकारात तरी मुलं मोठ्यांपेक्षा जास्त, हे कुणाच्या कल्पनेत नव्हतं.

हे व्यसनोपचार केंद्र गाझियाबादला आहे, म्हणजे यमुनेपलीकडे, माझ्या घरून तासा-दीड तासावर. पण फरीदाबादच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी ‘आमच्या जिल्ह्याचं काय?’ म्हणून तो अहवाल उघडला तर हाती काही लागणार नाही. तो राज्यांचं चित्र उभं करण्यासाठी केलेला आहे. जिल्हावार आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मिळतात, पण तिथे दारूचा प्रश्न पंधरा पूर्ण झालेल्यांना विचारतात.

गंमत अशी की माझ्याच जिल्ह्यात घरोघर मोजणीची देशातली एक जुनी परंपरा आहे. ‘एम्स’ने १९६५ साली बल्लभगढला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. दयालपूर आणि छांयसा या दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांखालच्या २८ गावांत आरोग्य कर्मचारी दारोदार जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर नोंदवत आले. डॉक्टर होऊ घातलेली किती पोरं तिथे गाव काय असतं हे शिकली! २००३-०४ मध्ये हृदयरोग, मधुमेह वगैरेंच्या धोक्यांची पाहणी देशात सहा ठिकाणी झाली, त्यात बल्लभगढ होतं आणि आपलं नागपूरही. तंबाखू आणि दारू दोन्ही विचारली होती. वयोगट: १५ ते ६४. पुन्हा तीच पंधराची चौकट. जी बाई प्रत्येक घराचा उंबरठा ओळखते, कुणाचा पोरगा शाळेतून उठून कुठे जातो हे जिला ठाऊक असतं, तिच्या वहीत तेराव्या वर्षाला रकाना नाही.

शिकवण्याच्या बाजूने मराठीजवळ सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या आधाराने. ब्राऊन शुगरने घेरलेल्या तरुण मुलांसाठी निघालेलं हे घर पुढे दारूच्या रुग्णांचंही झालं, आणि नंतर केंद्र सरकारच्या योजनेत आसपासच्या राज्यांतल्या कार्यकर्त्यांना शिकवणारं प्रादेशिक केंद्र. गोव्यात ‘संगथ’ने तर डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन दहा आरोग्य केंद्रांत बसवलं आणि ३७७ पिणाऱ्या पुरुषांवर पारखून दाखवलं की त्यांच्या चार बैठकांच्या बोलण्याचा उपयोग होतो. तो निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पण तिथेही वय अठराच्या पुढचं. उपचाराची विद्या आपल्याकडे तयार आहे. ती मोठ्यांपाशी थांबते, कारण मोठेच मोजले गेले.

मग पुणे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. पुढचं सगळ्यांना आठवतं, विशेषतः जामिनाच्या अटीतला तो ३०० शब्दांचा निबंध. देशभर संताप झाला तो त्या निबंधावर. पोलिसांनी ज्या बारमध्ये त्याला दारू दिल्याचं सांगितलं तिथल्या लोकांवर बाल न्याय कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. त्या २०१५ च्या कायद्याच्या ७७व्या कलमात मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे ‘दिसण्यावरून’पासून इथवर आलो. शिक्षा वाढली. टेबलाशी उभा असलेला, महिन्याच्या पगारावरचा वेटर मात्र १९१४ च्या नोकरासारखाच आपल्या नजरेच्या भरवशावर असतो, आणि समोर बसलेल्या पोराच्या बापाची ओळख त्याच्या नजरेहून जड असते.

पुस्तिका मी पूर्ण केली. ‘अंडरएज’ला शेवटी ‘कायद्याने ठरलेल्या वयाखालील’ असं लांबलचक लिहिलं. प्रश्नावलीत पहिल्या दारूच्या वयासाठी चौकटी होत्या, त्यातली पहिली ‘१५ किंवा त्याहून कमी’. मी समासात लिहून पाठवलं की इथे दहा, अकरा, बारा, तेरा अशा वेगळ्या चौकटी करता येतील का, आणि १३.६ चा दाखला दिला. तिकडून सौजन्याने उत्तर आलं की सूचना चांगली आहे, परंतु मूळ मजकुरात बदल अपेक्षित नाही. भाषांतरकाराने हेच ऐकायचं असतं. मराठी प्रत छापून आली, त्यात ती चौकट तशीच आहे.