गाजर गवत आणि संगणक

आमच्या माहुलला येणाऱ्यांना रिफायनरीच्या चिमण्या आधी दिसतात. खाडीपलीकडे शिवडीला हाजी बंदर रस्त्यावर एक सरकारी कचेरी आहे, ती मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. तिचे नाव प्रादेशिक वनस्पती संगरोध केंद्र. संगरोध म्हणजे क्वारंटाइन. करोनानंतर हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. परदेशी धान्य, बियाणे, फळे, लाकूड यांच्याबरोबर कीड किंवा रोग देशात शिरू नये म्हणून तपासणी करायची, हे तिचे काम.

ही काळजी जुनीच आहे. कापसाची बोंडे पोखरणारा मेक्सिकन भुंगा इकडे येऊ नये म्हणून १९०६ साली आयात गाठींना विषारी धुरी देण्याचा हुकूम निघाला. १९१४ साली कायदा झाला. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश त्याच कायद्याखालचा.

तरीही गाजर गवत आलेच! १९५५ साली ते पुण्यात नजरेस आले. पी.एल. ४८० च्या गव्हाबरोबर ते आले, असे आपण सर्रास म्हणतो. पण भारताचा तो करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे गवत दिसल्यानंतरचा. अमेरिकन धान्य त्याआधी, १९५१ च्या गहू-कर्जातूनही आले होते, तेव्हा धान्यातून आले असेलही. पण कोणती बोट, कोणते बंदर, कोणी तपासले? बोट दाखवावे अशी नोंद नाही. आरोप तेवढा उरला.

याउलट हे गवत खाणारा दुसरा एक मेक्सिकन भुंगा १९८४ साली बंगळुरूला सोडला, तो आधी परीक्षा घेऊन. त्यामुळे तो कुठून, कधी आला, हे आपण नेमके सांगू शकतो.

म्हणून मला संगणकाचे महत्त्व वाटते. १ एप्रिल २०१६ पासून कस्टमची ‘स्विफ्ट’ ही एक खिडकी योजना सुरू झाली. आयातदाराने संगणकावर एकदा माहिती भरली की ती कस्टम, वनस्पती संगरोध, अन्न सुरक्षा अशा खात्यांकडे जाते. वेळ वाचतो म्हणून व्यापारी खूश आहेत. माझ्या मते खरा लाभ नोंदीचा. माल कोणत्या देशाचा, प्रमाणपत्र कोणते, धुरी दिली का, हे पुढे शोधता येते. उद्या एखाद्या तालुक्यात नवी कीड दिसली तर तिचा माग काढता येईल.

अर्थात नमुना भिंगाखाली धरायला माणूसच लागतो. खोटी माहिती भरली तर संगणक खोटेच जपून ठेवणार. आणि जे कोणी सांगितलेच नाही, ते त्याला कसे दिसणार?

परदेशातल्या नातलगांना म्हणून एवढेच सांगणे: इकडे येताना हौसेने फुलझाडांचे बी बॅगेत टाकून आणू नका, लावण्याच्या बियांना परवाना लागतो. ‘एवढेसे तर बी’ असे वाटेल. गाजर गवताचे बीही एवढेसेच असते.