राजांचा आजार? अंगठ्यातल्या आगीची दोन हजार वर्षं

आज आपण जाणार आहोत ब्रुसेल्सला. तारीख २५ ऑक्टोबर १५५५. दरबार खचाखच भरलाय. स्पेन, नेदरलँड्स, इटलीचा मोठा भाग आणि अमेरिकेतल्या वसाहती ज्याच्या हाताखाली, तो सम्राट पाचवा चार्ल्स आत येतो. एका हातात काठी, दुसरा हात तरुण विल्यम ऑफ ऑरेंजच्या खांद्यावर. वय फक्त ५५. आणि तो जाहीर करतो की आता राज्य मुलाकडे.

गादी सोडायला राजकीय कारणंही होती. पण शरीरानेही साथ सोडली होती, आणि त्यात मोठा वाटा होता गाऊटचा. हा सांध्यांचा आजार बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतो. चार्ल्स १५५८ मध्ये वारला. त्याच्या करंगळीचं एक पेर वेगळं जपून ठेवलेलं होतं. जवळपास साडेचार शतकांनी, २००६ मध्ये, स्पॅनिश संशोधकांनी त्याच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: सांध्यात युरिक ॲसिडच्या स्फटिकांचे साठे. म्हणजे निदान पक्कं!

आजार मात्र चार्ल्सपेक्षा खूप जुना आहे. ग्रीक लोक त्याला 'पोडाग्रा' म्हणायचे, म्हणजे पाय पकडणारा सापळा. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत तर नोंद आहे की बायकांना हा त्रास पाळी थांबल्यावरच होतो. हे निरीक्षण आजही बऱ्याच अंशी खरं ठरतं, कारण इस्ट्रोजेनमुळे मूत्रपिंडं युरिक ॲसिड जास्त बाहेर टाकतात.

आपल्याकडे आयुर्वेदात याच्याशी बरंच जुळणारं वर्णन 'वातरक्त' या नावाने येतं. सुश्रुतसंहिता सांगते की हा विकार पायांत, कधी हातांत मूळ धरतो आणि उंदराच्या विषासारखा हळूहळू अंगभर पसरतो. चरकसंहितेत त्याचं एक नाव आहे 'आढ्यवात'. आढ्य म्हणजे श्रीमंत. नाजूक प्रकृतीचे, गोडधोड खाणारे, चालायचा कंटाळा करणारे लोक याला बळी पडतात, असं तिथे म्हटलंय.

बघा, ग्रंथ वेगळा, खंड वेगळा, पण आरोप तोच: खाऊनपिऊन सुखी माणसाचा रोग. युरोपात अठराव्या शतकात तर गाऊट असणं हे खानदानीपणाचं लक्षण मानलं जायचं! जेम्स गिलरेने १७९९ मध्ये काढलेलं व्यंगचित्र आजही प्रसिद्ध आहे. सुजलेल्या पायात दात रुतवून बसलेला एक काळा राक्षस. लोक त्यावर हसत होते. ज्यांना तो चावत होता, ते मात्र हसत नव्हते. थॉमस सिडनहॅम हा इंग्लिश डॉक्टर स्वतः वर्षानुवर्षं गाऊटने त्रस्त होता. १६८३ च्या ग्रंथात त्याने लिहिलंय की पायावर पांघरुणाचं वजन सहन होत नाही, खोलीत कोणी जोरात चाललं तरी कळ येते.

मग कोडं सुटलं कसं? टप्प्याटप्प्याने. १७७६ मध्ये शीलने मूतखड्यातून युरिक ॲसिड शोधलं. १७९७ मध्ये वोलास्टनने गाऊटच्या गाठीतही तेच दाखवलं. १८४८ मध्ये आल्फ्रेड गॅरॉडने रुग्णांच्या रक्तात ते वाढलेलं असतं हे सिद्ध केलं. पुढे त्याची पद्धत अगदी साधी होती: रक्तातल्या पाण्यात ॲसिटिक ॲसिड आणि एक सुताचा धागा टाकून ठेवायचा. धाग्यावर स्फटिक जमले की समजायचं. आणि १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सांध्यातल्या द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक दाखवले.

आता अंगठाच का? पाय शरीराच्या मध्यापेक्षा थंड असतो, आणि थंडाव्यात हे स्फटिक लवकर जमतात. शिवाय चालताना त्या सांध्यावर सतत भार येतो.

आणि जुना आरोप? तो अर्धवटच खरा निघाला. दारू, विशेषतः बिअर, मांसाहार, गोड पेयं, वाढलेलं वजन यांचा वाटा आहेच. पण बहुतेक रुग्णांत मुख्य अडचण असते मूत्रपिंडातून युरिक ॲसिड कमी बाहेर पडण्याची, आणि त्यात आनुवंशिकता मोठी. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे युरिक ॲसिड मोडणारं एन्झाइम असतं, ते आपल्या पूर्वजांनी लाखो वर्षांपूर्वीच गमावलं. म्हणजे साधं वरणभात खाणाऱ्यालाही गाऊट होऊ शकतो. 'पार्ट्या कमी कर' म्हणून चेष्टा झाली, की माणूस लाजेने दुखणं अंगावर काढतो. खरा तोटा इथे होतो.

उपचारांचाही इतिहास भारी आहे. सहाव्या शतकात अलेक्झांडर ऑफ ट्रॅलीस ज्या कंदाची शिफारस करायचा, त्याच कुळातल्या झाडापासून कॉल्चिसिन मिळतं. ते आजही वापरतात, पण डोस चुकला तर ते विष आहे, म्हणून स्वतःच्या मनाने कधीच नाही. १९६० च्या दशकात ॲलोप्युरिनॉल आलं. त्यामागच्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं.

तर घरात कोणाचा अंगठा रात्रीत लाल, गरम, सुजलेला झाला तर? पाय उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा आणि डॉक्टरांना दाखवा. ताप असेल तर अजिबात थांबू नका, सांध्यात जंतुसंसर्गही असू शकतो. झटक्याच्या वेळी रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं, म्हणून एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. वारंवार झटके येत असतील तर डॉक्टर ते साधारण ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवायला औषध देतात. सुरुवातीच्या महिन्यांत झटके वाढू शकतात. घाबरून गोळी सोडू नका, डॉक्टरांना विचारा. फक्त अंगावर पुरळ उठली तर गोळी थांबवून लगेच त्यांना गाठा.

पाचव्या चार्ल्सकडे अर्धं जग होतं, ही गोळी नव्हती. आपल्याकडे ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आहे. लाज सोडून डॉक्टरांकडे जायचं, एवढंच उरतं. भेटू पुढच्या भागात!