लॅपटॉपने जागा बदलली की नेट का अडते?

कार्यालयात दिवसभर केबलवर सुरळीत चाललेला लॅपटॉप संध्याकाळी घरी येतो. वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, त्याच वायफायवर घरातला मोबाइल व्यवस्थित चालतो, पण लॅपटॉपवर एकही संकेतस्थळ उघडत नाही. मग केबलवाल्याला फोन होतो, राउटर दोनदा बंद-चालू केला जातो आणि रात्री बारापर्यंत भरावयाचा ऑनलाइन अर्ज तसाच राहतो. अशा वेळी दोष पुष्कळदा राउटरचा नसतो. एका जागेसाठी भरलेल्या नोंदी लॅपटॉपने दुसऱ्या जागी जशाच्या तशा आणलेल्या असतात.

कोणत्याही नेटवर्कमध्ये शिरताना संगणकाला चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. स्वतःचा आयपी पत्ता, त्या पत्त्याचा कोणता भाग स्थानिक नेटवर्कचा आहे हे सांगणारा सबनेट मास्क, बाहेर पडण्याचा दरवाजा म्हणजे गेटवे, आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर. हे आकडे संगणकाला आपोआप पुरवणारी डीएचसीपी ही पद्धत १९९३ मध्ये मांडली गेली आणि १९९७ मध्ये तिला आज रूढ असलेले रूप मिळाले. राउटर लॅपटॉपला जो पत्ता देतो तो कायमचा नसतो. ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिलेला असतो. सगळीकडे हीच पद्धत असती तर जागा बदलण्याचा त्रास जवळजवळ उरलाच नसता. परंतु अनेक कार्यालयांत छपाईयंत्रे, लेखा सर्व्हर वा परवान्याने बांधलेली सॉफ्टवेअरे यांच्या सोयीसाठी आजही पत्ते हाताने भरले जातात, आणि तेथूनच गुंता सुरू होतो.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. केबलचे कार्ड आणि वायफायचे कार्ड ही लॅपटॉपच्या दृष्टीने दोन स्वतंत्र यंत्रे आहेत. केबलच्या कार्डावर भरलेला पत्ता वायफायला लागू होत नाही. त्यामुळे कार्यालयात केवळ केबल आणि घरी केवळ वायफाय अशी विभागणी असेल, तर केबलवर ठरावीक पत्ता व वायफायवर स्वयंचलित पत्ता ठेवावा. काहीच बदलावे लागत नाही. २००८ मध्ये मॅकबुक एअरने केबलची खोबणच काढून टाकली आणि नंतर अनेक पातळ लॅपटॉपांनी तोच मार्ग धरला. आता केबल यूएसबीच्या अ‍ॅडॅप्टरमधून जोडली जाते. हा अ‍ॅडॅप्टर स्वतःच एक नेटवर्क कार्ड असल्याने तो बदलला की जुन्या नोंदी नव्यावर येत नाहीत.

मग घरी वायफाय का चालत नाही? अशा वेळी पहिला संशय प्रॉक्सीवर घ्यावा. विंडोजमध्ये हाताने भरलेला प्रॉक्सी सर्व्हर कार्डानुसार बदलत नाही. केबल असो वा वायफाय, ब्राउझर कार्यालयातील त्याच सर्व्हरकडे धावत राहतो आणि घरातून तो सापडत नाही. प्रॉक्सीचा पर्याय बंद केला की पाने उघडू लागतात. कार्यालयातील नेटवर्क व्यवस्थापकाने प्रॉक्सीची स्वयंचलित मांडणी करून दिली, तर रोज हा खटाटोप करावा लागत नाही.

दोन्ही ठिकाणी केबलच वापरायची असेल तर विंडोजमध्ये एक जुनी सोय आहे. २००१ च्या एक्सपीपासून नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत ‘ऑल्टरनेट कॉन्फिगरेशन’ हे पान आहे. मुख्य पानावर पत्ता स्वयंचलित ठेवायचा आणि या पानावर कार्यालयाचा ठरावीक पत्ता लिहायचा. डीएचसीपी सर्व्हरने उत्तर दिले नाही, तरच हा दुसरा पत्ता वापरला जातो. मर्यादाही तेथेच आहे. कार्यालयात पाहुण्यांसाठी म्हणून कोणी डीएचसीपी सुरू केले, तर लॅपटॉप मुकाट्याने तोच पत्ता घेतो आणि दुसऱ्या पानाकडे वळतच नाही. दुसरा पत्ता लिहिलेलाच नसेल आणि उत्तरही आले नाही, तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की, पत्ता देणारे कोणी भेटले नाही.

मॅकवरील व्यवस्था अधिक सुटसुटीत आहे. तेथे ‘लोकेशन’ या नावाखाली घर, कार्यालय असे संच करून ठेवता येतात आणि प्रॉक्सीसुद्धा त्या-त्या संचात बसतो. लिनक्सवरील नेटवर्क मॅनेजरमध्ये प्रत्येक जोडणीची वेगळी नोंदवही असते.

केबल आणि वायफाय दोन्ही चालू असतील तर माहिती कोणत्या वाटेने जाते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तो तसा नाही. प्रत्येक वाटेला ‘मेट्रिक’ नावाचा आकडा असतो आणि लहान आकड्याची वाट आधी निवडली जाते. नेटवर्क मॅनेजर केबलला १०० आणि वायफायला ६०० हा आकडा देते. विंडोज तो जोडणीच्या वेगावरून ठरवते. मॅकवर सेवांचा क्रम हाताने लावता येतो. कार्यालयाची केबल फक्त अंतर्गत सर्व्हरपर्यंत जात असेल आणि इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेतले असेल, तर लॅपटॉप केबलवरच अडून बसू शकतो. अशा वेळी केबलच्या नोंदीतून गेटवे काढून टाकावा, म्हणजे ती वाट अंतर्गत कामापुरतीच उरते.

काम चालू असताना वाट बदलणे मात्र टाळावे. नेहमीची टीसीपी जोडणी दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट क्रमांक यांवरून ओळखली जाते. केबल काढून वायफायवर आले की लॅपटॉपचा पत्ता बदलतो आणि जुनी जोडणी निकामी होते. पान वाचताना हे जाणवत नाही, कारण ब्राउझर नवी जोडणी करतो. पण अर्धवट चढवलेली फाइल तुटू शकते आणि बँकेचे संकेतस्थळ पुन्हा प्रवेश करावयास सांगू शकते. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या पद्धतीत जोडणीला स्वतंत्र ओळखक्रमांक दिलेला असल्याने पत्ता बदलूनही ती टिकू शकते. सर्वच सेवा तिचा वापर करत नाहीत.

रेल्वे स्थानके आणि हॉटेले यांची तऱ्हा निराळी. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल व गूगल यांनी मुंबई सेंट्रल स्थानकात मोफत वायफाय सुरू केले. गूगल २०२० मध्ये या योजनेतून बाहेर पडले, तरी रेलटेलची सेवा पुढे चालू राहिली. अशा ठिकाणी आधी मोबाइल क्रमांक विचारणारे पान उघडावे लागते. लॅपटॉपवर डीएनएसचा पत्ता हाताने भरलेला असेल किंवा व्हीपीएन आधीच सुरू असेल, तर ते पान दिसतच नाही. दोन्ही बंद करून, प्रवेश मिळाल्यावर व्हीपीएन पुन्हा सुरू करावे.

नव्या नेटवर्कला जोडताना विंडोजमध्ये त्याचा प्रकार ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ हे ठरवता येते. तो पर्याय पाहून न पाहिल्यासारखा करणे महागात पडू शकते. प्रायव्हेट म्हटले की लॅपटॉप शेजारच्या संगणकांना दिसू लागतो आणि वाटून घेण्यासाठी खुल्या ठेवलेल्या फायलींपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी होऊ शकते. केबल म्हणजे सुरक्षित, हा समजही खरा नव्हे. हॉटेलच्या खोलीतील भिंतीवरची खोबण हे सार्वजनिक नेटवर्कच होय.

कार्यालयाचा ठरावीक पत्ता खरोखरच आवश्यक असेल, तर तो लॅपटॉपमध्ये न भरता कार्यालयाच्या डीएचसीपी सर्व्हरवर राखून ठेवणे अधिक श्रेयस्कर. लॅपटॉप सर्वत्र स्वयंचलित राहतो आणि कार्यालयात त्याला तोच पत्ता मिळतो. ही नोंद कार्डाच्या मॅक क्रमांकावर होते. केबल व वायफाय यांचे क्रमांक वेगळे असल्याने दोन नोंदी कराव्या लागतात, आणि यूएसबी अ‍ॅडॅप्टर वापरत असल्यास त्याच्या क्रमांकाची आणखी एक. वायफायवर यादृच्छिक मॅक क्रमांकाची सोय चालू असेल, तर कार्यालयाच्या नेटवर्कपुरती ती बंद ठेवावी लागते. अन्यथा सर्व्हरला तो लॅपटॉप अनोळखी वाटू शकतो.