खडकाचे वय आणि अणूंचा तराजू

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कागद उभे राहतात. बखरी, सनदा, पत्रव्यवहार, फार तर शिलालेख आणि ताम्रपट. उत्तनचेच उदाहरण घ्या. भाईंदर स्टेशनवरून मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी ही गावे मागे टाकीत रस्ता उत्तनच्या किनाऱ्याला पोहोचतो. किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत असतात, आणि वर उंचावर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, हे ठाणे मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतले. ह्या घटनेला पत्रांचा आधार आहे, म्हणून तिचे साल आपण छातीठोकपणे सांगतो.

पण किल्ल्याच्या पायाखालचा खडक? तो तिथे कधी आला? त्याची ना बखर, ना सनद. तेव्हा बखर लिहिणारा माणूसच पृथ्वीवर नव्हता. आणि तरीही ह्या परिसरातील खडकाची जन्मवेळ आज आपल्याला सांगता येते. पवईच्या आय. आय. टी.तील भूशास्त्रज्ञ हेतू शेठ आणि कांचन पांडे ह्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात डोंगरी येथील खडकाचे वय दिले आहे. एकाच खडकाचे दोन वेगवेगळ्या जागचे नमुने त्यांनी तपासले. एकाचे वय निघाले ६ कोटी २६ लाख वर्षे, दुसऱ्याचे ६ कोटी २९ लाख वर्षे.

आपण म्हणाल, हे कोणी पाहिले? प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेतल्या चुणचुणीत मुलाने तो विचारलाच पाहिजे, आणि शिक्षकाला त्याचे उत्तर देता आले पाहिजे. त्यासाठी आपल्याला एका यंत्राची ओळख करून घ्यावी लागेल. त्याचे नाव मास स्पेक्ट्रोमीटर. मराठीत त्याला द्रव्यमान वर्णपटमापक म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. हा अणूंचा तराजू आहे.

अणू तोलायची गरज का पडली, ते आधी पाहू. रसायनशास्त्राच्या पुस्तकात क्लोरीनचा अणुभार ३५.५ असा दिलेला असतो. पूर्वी रसायनशास्त्रज्ञांना हा अर्धा फार छळीत असे. अणू जर वस्तूचा शेवटचा कण, तर त्याच्या वजनात हा अर्धा कुठून आला? १९१२-१३ च्या सुमारास केंब्रिज येथे जे. जे. थॉमसन ह्यांनी निऑन वायूचे विद्युत्भारित अणू चुंबक आणि विद्युत्क्षेत्र ह्यांच्यामधून सोडले. फोटोच्या काचेवर एक रेघ उमटावी, तर दोन उमटल्या. एक २० वजनाच्या अणूंची, दुसरी २२ वजनाच्या. निऑन एकच, पण त्याचे अणू दोन वजनांचे!

थॉमसन ह्यांचे सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन ह्यांनी पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, ह्या कामासाठी अधिक नेमके यंत्र तयार केले. त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकेत शिकागो येथे आर्थर डेम्प्स्टर ह्यांनीही असे एक यंत्र केले होते. अ‍ॅस्टन ह्यांनी क्लोरीन तपासला आणि त्या अर्ध्याचे कोडे सुटले. क्लोरीनचे चारांतले सुमारे तीन अणू ३५ वजनाचे आणि एक ३७ वजनाचा. सरासरी काढून पाहा, ३५.५ येते. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनांच्या भावंडांना समस्थानिक म्हणतात. अ‍ॅस्टन ह्यांनी असे दोनशेहून अधिक समस्थानिक शोधून काढले. १९२२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

आता हे यंत्र चालते कसे, ते पाहू. पहिली पायरी म्हणजे नळीतली हवा पंपाने जवळजवळ पूर्ण काढून टाकायची, नाहीतर आपले अणू हवेच्या कणांवरच आपटत बसतील. दुसरी पायरी, ज्या वायूची परीक्षा करायची त्याचा अल्पसा भाग आत सोडायचा आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा. ह्या माऱ्याने अणूतला एखादा इलेक्ट्रॉन उडून जातो आणि अणूवर धन विद्युत्भार राहतो. भार नसलेल्या अणूला चुंबक दाद देत नाही; भार असलेला अणू पळू लागला की देतो. तिसरी पायरी, काही हजार व्होल्टच्या दाबाने ह्या अणूंना एका दिशेने पळवायचे. चौथी पायरी, पळणाऱ्या अणूंच्या वाटेवर चुंबक ठेवायचे.

इथे कोळी बांधवांच्या अनुभवातली गोष्ट आठवा. खाडीच्या तोंडाशी आडवा वारा असला, की रिकामी होडी चटकन बाजूला ढकलली जाते. मासळीने भरलेली होडी त्या मानाने कमी सरकते. चुंबकापाशी तसेच घडते. हलका अणू जास्त वळतो, जड अणू कमी वळतो. एकत्र निघालेले अणू असे वजनावारी वेगळे होतात. पुढे प्रत्येक वजनाच्या वाटेवर एक लहानशी वाटी ठेवलेली असते. तिच्यात जितके अणू पडतील तितका विजेचा प्रवाह वाहतो. प्रवाह मोजला की कुठल्या वजनाचे अणू किती प्रमाणात आहेत ते कळते.

रसायनाच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समस्थानिकांचे रासायनिक गुण जवळपास सारखेच असतात. परीक्षानळीत आम्ल टाकून किंवा रंग बदलवून त्यांना ओळखता येत नाही. फरक आहे तो वजनाचा, म्हणून तराजूच हवा.

आता डोंगरीच्या खडकाकडे वळू. ह्या खडकाला रायोलाइट म्हणतात. सह्याद्रीतला आपल्या ओळखीचा काळवत्री दगड म्हणजे बेसाल्ट. रायोलाइट त्याच्याहून निराळा, पण तोही थिजलेला लाव्हारसच. अशा खडकांत पोटॅशियम असते, आणि पोटॅशियमच्या अणूंत एक चंचल भावंड आहे. त्याचे वजन ४०. मिनेसोटा विद्यापीठाच्या आल्फ्रेड निअर ह्यांनी १९३५ साली मास स्पेक्ट्रोमीटरनेच ते शोधून काढले. दर १ लाख पोटॅशियम अणूंत ते जेमतेम १२ असतात. हे अणू आपोआप बदलत असतात. त्यांतले निम्मे बदलायला १२५ कोटी वर्षे लागतात. बदलणाऱ्या दर दहांतला साधारण एक आर्गॉन वायूचा अणू होतो, बाकीचे कॅल्शियम होतात. पोटॅशियमच्या खनिजांत असा आर्गॉन साठतो, हे निअर आणि एल. टी. ऑल्डरिच ह्यांनी १९४८ साली दाखवून दिले.

लाव्हा तप्त आणि पातळ असतो तोवर आर्गॉन त्यातून निसटून जातो. लाव्हा थिजला, स्फटिक बनले, की मात्र पुढे तयार होणारा आर्गॉन आत अडकून बसतो. म्हणजे खडक थिजला त्या क्षणी खातेवही कोरी असते, आणि नंतर दर वर्षी तिच्यात थोडी थोडी जमा होत राहते. आज किती जमा आहे आणि मुद्दल पोटॅशियम किती आहे, ही दोन्ही कळली की वर्षे निघतात. गणित व्याजाचेच, फक्त आकडे मोठे.

जमा किती तुटपुंजी असते, त्याचा हिशेब करून पाहा. ६ कोटी २८ लाख वर्षांत दर हजार चंचल पोटॅशियम अणूंपैकी सुमारे ३४ बदलतात, आणि त्यांतले साडेतीन-चारच आर्गॉन होतात. सगळे पोटॅशियम धरले, तर १ कोटी अणूंमागे आर्गॉनचे अणू अवघे चार! इतके थोडे अणू मोजायचे, तर साधा तराजू काय कामाचा?

शिवाय एक अडचण आहे. आपल्या हवेतही शंभरात जवळपास एक भाग आर्गॉन असतो, आणि तो दगडाच्या भेगांतून आत शिरतो. पण हवेच्या आर्गॉनला एक खूण आहे. त्यात ३६ वजनाच्या एका अणूमागे ४० वजनाचे सुमारे तीनशे अणू असतात. यंत्रात ३६ वजनाचे अणू किती आले ते पाहायचे, आणि त्या मानाने हवेचा वाटा वजा करायचा. पाहुण्यांची संख्या वेगळी मोजली, की घरचे किती ते आपोआप कळते.

पूर्वी आर्गॉन एका तुकड्यातून आणि पोटॅशियम दुसऱ्या तुकड्यातून मोजावे लागे. दोन तुकडे तंतोतंत सारखे नसले की हिशेब चुके. १९६६ साली क्रेग मेरिह्यू आणि ग्रेनव्हिल टर्नर ह्यांनी ह्यावर नामी उपाय प्रसिद्ध केला. नमुना आधी अणुभट्टीत ठेवायचा. तिथल्या न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पोटॅशियमचे काही अणू ३९ वजनाच्या आर्गॉनमध्ये बदलतात. आता मुद्दल आणि जमा दोन्ही आर्गॉनच्याच रूपात, एकाच तुकड्यात! मग तुकडा टप्प्याटप्प्याने तापवायचा आणि प्रत्येक टप्प्याला निघालेला वायू तराजूत सोडायचा. ओळीने अनेक टप्प्यांवर एकच वय आले, तर खाते सचोटीचे. वये वरखाली झाली, तर समजायचे की खडकाला मधल्या काळात उष्णता लागली किंवा पाणी लागले, आणि काही जमा गळून गेली. पवईच्या आय. आय. टी.त अणुऊर्जा विभागाच्या साह्याने ह्या पद्धतीची प्रयोगशाळा उभी आहे. परदेशावर अवलंबून न राहता आपल्या मातीचे वय आपल्याला इथेच काढता येते, ही समाधानाची गोष्ट.

मंडळी, डोंगरीचे आकडे निबंधात नुसते दिलेले नाहीत. पहिल्याला अधिक-उणे ६ लाख वर्षे जोडलेली आहेत, दुसऱ्याला अधिक-उणे २ लाख. ह्याला कोणी कच्चेपणा म्हणेल. मला ती साक्षीदाराची सचोटी वाटते. 'मी इतके खात्रीने सांगतो, ह्यापलीकडे नाही,' असे तो साक्षीदार म्हणत आहे. दोन्ही साक्षी एकमेकींशी जुळतात, म्हणून त्यांवर विश्वास बसतो.

बरे, ह्या वयाचे महत्त्व काय? महाराष्ट्राचा बहुतेक काळा पाषाण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झाला. डायनोसॉर नाहीसे झाले तेही त्याच सुमारास. त्यानंतर इथली आग विझली असावी, असे कोणालाही वाटेल. पण डोंगरीचा खडक सांगतो की ३० लाख वर्षांनंतरही साष्टीच्या भूमीवर लाव्हा वाहत होता. ह्याच शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यासह २००१ साली मनोरी आणि साकीनाका येथील खडकांची वये दिली होती. ती सुमारे ६ कोटी ४ लाख आणि ६ कोटी १८ लाख वर्षे निघाली. डोंगरीच्या लाव्हाखाली तर गाळाचा थर सापडला. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या विसाव्यात इथे पाणी साचत होते, गाळ बसत होता.

आणखी एक गोष्ट. घाटमाथ्यावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे दिसतात, पण पनवेल-मुंबईच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला, कललेले आहेत. भूशास्त्रज्ञ ह्याला पनवेलचा बाक म्हणतात. डोंगरीचा थरही तसाच कललेला आहे. थर आधी बसला असेल, तरच तो नंतर कलेल. तेव्हा जमीन कलण्याची क्रिया, निदान तिचा काही भाग, ६ कोटी ३० लाख वर्षांच्या अलीकडचा ठरतो. एका दगडाच्या वयाने किनाऱ्याच्या घडणीचा क्रम ठरला, तो असा.

ह्या पद्धतीने जुनी समजूत बदलल्याचे उदाहरण विदर्भातही आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर उल्केच्या आघाताने झाले. दुसऱ्या एका पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे मानले जात होते. २०११ साली आर्गॉनच्या पद्धतीने ते ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार, असे निघाले. दहापटींहून अधिक फरक! अशा वेळी कोणत्या पद्धतीने नेमके काय मोजले, हे विचारायचे असते. बखर आणि पत्र ह्यांत विरोध आला की इतिहासाचा अभ्यासक हेच करतो.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. टेबल-टेनिसचा एक चेंडू घ्या आणि तेवढ्याच आकाराचा मातीचा वाळवलेला गोळा घ्या. दोघांना एकाच उतरणीवरून टेबलावर सोडा आणि वाटेत कडेने पंख्याचा वारा लावा. चेंडू बाजूला जाईल, गोळा जवळपास सरळ जाईल. खळ्यात धान्य उफणताना जे घडते तेच हे. अ‍ॅस्टनचे यंत्र मुलांना पाच मिनिटांत कळेल. मग त्यांना गावाबाहेरच्या खडकापाशी न्या. तिथे थर कुठल्या बाजूला कलला आहे, त्याच्याखाली काय आहे, हे त्यांच्याकडून वहीत काढून घ्या.

हे आजच करायला हवे, ह्याला कारण आहे. मुंबईच्या आसपासच्या कितीतरी टेकड्या खडीसाठी फुटल्या, कितीतरी उघडे खडक इमारतींखाली गेले. फुटलेल्या खडीतूनही आर्गॉन मोजता येईल. पण तो दगड कोणत्या थरातला, त्याच्या वर काय होते आणि खाली काय होते, हे त्या खडीवरून कोणी सांगू शकणार नाही. पत्र हाती आले, पण कोणी कोणाला लिहिले तो भाग फाटून गेला, तर ते पत्र अर्धेच उपयोगी पडते. रस्ता होऊ नये, घर बांधू नये, असे माझे म्हणणे नाही. पण ज्या मोजक्या जागी हे थर अजून उघडे दिसतात, त्या गावकऱ्यांना माहीत असाव्यात, शाळेच्या दप्तरी त्यांची नोंद असावी, आणि तोडण्यापूर्वी कोणीतरी विचारावे. किल्ल्याच्या चिऱ्यांइतकीच ह्या खडकाचीही काळजी आपण घ्यायला हवी.