तळाशी राहिलेलं लोखंड

जुन्या जीपच्या गिअरबॉक्समधून तेलाबरोबर लोखंडाचा तुकडा पडला, की बहुतेक मेकॅनिक लगेच सांगतात, ‘बॉक्स गेला, दुसरा बघा.’ मामा आधी तुकडा रॉकेलमध्ये धुतो. बोटांनी चोळतो, उजेडाकडे धरतो, मग नखाने त्याची कड तपासतो. ऐंशी ओलांडल्यावर नजर अधू झाली, पण मोड ताजा की जुना हे त्याच्या नखाला अजून कळतं.

या उन्हाळ्यात आमची सीजे-थ्री-बी त्याच्याकडे कराडला, अंगणात उभी होती. चढाला लागली की दुसरा गिअर निसटायचा. तेल काढलं तर त्यात सोनेरी झाक. वरचं झाकण उतरवून तळाशी चुंबक फिरवलं, तेव्हा बेअरिंगच्या बारीक सुया, एक छर्रा, दाताची कपची आणि खिळ्याचा वाटावा असा एक तुकडा वर आला. मामाने वर्तमानपत्र पसरून सगळं ओळीने मांडलं. “घाई नको,” तो म्हणाला. “यातलं आजचं कुठलं आणि मागचं कुठलं, ते आधी ठरवू.”

इतक्या वर्षांच्या बॉक्सचं निदान इथूनच सुरू व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तळाशी साचलेलं सगळंच काही आजच्या दुखण्याचं नसतं. त्यात मागच्या दुरुस्त्या असतात, मागचे ड्रायव्हर असतात. गाडीच्या पुस्तकात मालक बदलल्याच्या तारखा सापडतात, पण ती कोणत्या रस्त्याने कशी हाकली गेली हे तिथे कोणी लिहीत नाही.

आमच्या घरात जीप आली ती आजोबांच्या, म्हणजे मामाच्या वडिलांच्या, गोष्टींतून. दुसऱ्या महायुद्धासाठी विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बांधल्या. युद्ध संपल्यावर आपल्याकडे राहिलेल्यांपैकी कित्येक डिस्पोजलमध्ये निघाल्या. अशीच एक आजोबांच्या ठेकेदार मालकाने घेतली होती. स्टिअरिंग डावीकडे, पुढच्या गाडीला मागे टाकायचं तर उजवीकडे बसलेल्याने बाहेर वाकून रस्ता मोकळा आहे का ते सांगायचं. आजोबा सांगत, त्या गाडीवर बसायचं म्हणजे शेजारचा माणूस विश्वासाचा पाहिजे.

1945 मध्ये महिंद्र अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेली कंपनी 1948 मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली. भागीदारांपैकी गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत, माझगावला, जीपा जोडायला सुरुवात झाली ती याच कंपनीत. उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी अमेरिकेत 1953 मध्ये आली. नव्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये होते, म्हणून इंजिन उंच आणि त्यापायी बॉनेटही उंच. तिकडे हे मॉडेल 1968 मध्ये थांबलं, आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलं. पंचायत समितीच्या, पाटबंधाऱ्याच्या, वनखात्याच्या दारात उभी असायची ती हीच. आमचीही लिलावातून आलेली सरकारी गाडी.

मामा कोयना प्रकल्पाच्या एका वर्कशॉपमध्ये उमेदवार म्हणून लागला, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. खाली पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर, वर कोयनानगरला धरण आणि मध्ये कुंभार्ली घाट. जीपांचा गिअरबॉक्स टी-90 जातीचा, तीन पुढचे गिअर आणि एक मागचा. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो, पहिल्याला नाही. घाट चढायचा तो मुख्यतः दुसऱ्यावर, त्यामुळे दुसऱ्याची पितळी रिंग सगळ्यात आधी झिजायची. तेलातली सोनेरी झाक ती हीच. पितळ चुंबकाला लागत नाही, म्हणून मामा तेल पांढऱ्या फडक्यावर ओततो आणि फडकं उन्हात धरतो. डिफरन्शियलसाठी बनवलेल्या काही तेलांतली गंधकाची द्रव्यंही पितळ खातात. ‘तेल म्हणजे तेल’ म्हणणाऱ्याला तो गाडीजवळ उभा करत नाही.

मग सुया. लेशाफ्टचा क्लस्टर, म्हणजे एका अंगाचे सगळे गिअर, या सुयांवर फिरतो. एक सुई सरळ, चकचकीत, ओरखडासुद्धा नसलेली. बाकीच्या अर्ध्या तुटलेल्या, एका अंगाने चपट्या, निळसर पडलेल्या. “ही फिरलेलीच नाही,” चांगली सुई बाजूला ठेवत मामा म्हणाला. “बसवताना कुणाच्या तरी हातून पडली. नवा पुडा फोडून भरती केली त्यानं, आणि पडलेली तशीच राहिली.” बसवायची रीत अशी, की क्लस्टरच्या पोटात ग्रीस भरायचं, त्याच्या लांबीचा खोटा दांडा आत ठेवायचा, त्याभोवती सुया उभ्या करायच्या आणि खरा शाफ्ट सारत सारत खोटा बाहेर ढकलायचा. कोयनेच्या उस्तादांचा नियम होता, सुया बसवण्याआधी मोजायच्या आणि उरलेल्या पुन्हा मोजायच्या. हिशेब जुळेपर्यंत कुणी जेवायला उठायचं नाही.

कपचीच्या कडा काळ्या आणि गोल झाल्या होत्या. ताजा मोड राखाडी, खरखरीत असतो. कपची पहिल्या गिअरच्या सरळ दाताची होती. चालत्या गाडीत डबल क्लच न मारता पहिला कोंबला की दाताचं तोंड असं उडतं. ती हातात असतानाच मामा 1967 च्या डिसेंबरवर आला. 11 तारखेच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पडलेल्या भिंतींमधून जीपा पुढे-मागे, पुढे-मागे करत माणसांना बाहेर काढत होत्या. पहिला, रिव्हर्स, पुन्हा पहिला. क्लच नीट दाबायला उसंत कुणाला होती? पुढचे काही महिने वर्कशॉपमध्ये जो बॉक्स उघडावा त्याच्या तळाशी अशा कपच्या मिळत. “त्या ड्रायव्हरांना उस्ताद एका शब्दानं बोलले नाहीत,” मामा म्हणाला. एरवी एका दातासाठी ते माणसाला दिवसभर उभं करीत. आमच्या गाडीची कपची त्या दिवसांची नाही, गाडी नंतरची आहे.

छर्रा वरच्या झाकणातला, गिअरची दांडी खाचेत धरून ठेवणारा. गिअर निसटतो म्हटल्यावर संशय आधी त्याच्यावर जाणार. पण झाकणात दोन्ही छर्रे आपापल्या स्प्रिंगखाली जागच्या जागी होते. म्हणजे हाही मागच्या कुठल्या तरी दुरुस्तीत सांडलेला. खिळ्याचा तुकडाही तसाच निघाला. झाकणातल्या दोन दांड्यांच्या मध्ये एक छोटी पिन असते, दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून. ती हरवली तर बॉक्स जागेवर अडकतो. वाटेत कुणीतरी खिळा कापून, दोन्ही टोकं कानशीने गोल करून वेळ भागवली होती. पुढे दुसऱ्या कुणी खरी पिन बसवली. कानशीच्या त्या रेघांवरून मामाने बराच वेळ अंगठा फिरवला. कोयनेच्या वर्कशॉपवाल्यांनीही घाटात असंच केलं होतं.

उरल्या तुटक्या सुया. क्लस्टर हाताने हलवला तर स्पष्ट डुलला. बेअरिंग गेलं की तो तिरपा होतो आणि दुसऱ्याचे तिरके दात भाराखाली एकमेकांना बाजूला सारतात. चढावर गिअर निसटायचा तो यामुळे. लेशाफ्ट, सुया, दोन्ही टोकांचे वायसर आणि पितळी रिंग बदलायची ठरली. पहिल्या गिअरच्या दाताची कड ऑइलस्टोनने मोडून तो तसाच ठेवला. मागे लागून असलेल्या ट्रान्सफर केसमध्येही सुयांवर फिरणारा गिअर आहे, आणि त्याचं-याचं तेल एकमेकांत जातं. एक तुकडा लेशाफ्टच्या सुईपेक्षा मामाला जाड वाटला. त्यामुळे ट्रान्सफर केसही खोलल्याशिवाय नवे भाग बसवायचे नाहीत, असं त्याने सांगून ठेवलं आहे.