सार्वमताचा हक्क आणि शेजाऱ्याचा हक्क

पाच वर्षांतून एकदा मतदान करावे आणि मग पुढील पाच वर्षे प्रतिनिधी काय करतात ते स्वस्थ बसून पाहावे, एवढ्यावर समाधान न मानणारी माणसे सर्व देशांत होऊन गेली. आम्हाला नको असलेला कायदा आमच्यापुढे मतास ठेवा, आणि हवा असलेला कायदा सुचवण्याची मुभा आम्हाला द्या, या त्यांच्या दोन मागण्या. पहिलीला सार्वमत म्हणतात, तर दुसरीला विधिप्रस्तावाचा हक्क. दोहोंची सुरुवात एकाच साध्या गोष्टीने होते. कोणीतरी एक कागद घेऊन दारोदार फिरतो आणि सह्या गोळा करतो. हा हक्क लोकांनी कसा मिळवला आणि मिळाल्यावर त्याचे काय केले, हा इतिहास आपण ख्रिस्ती कुटुंबांनी जाणून घेण्याजोगा आहे. त्यात आपल्या धर्मबांधवांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांना बसलेला चटकाही तितकाच मोठा आहे.

आरंभ स्वित्झर्लंडपासून करू. तेथे १८७४ च्या संविधानाने नागरिकांना असा अधिकार दिला की, संसदेने संमत केलेल्या कायद्याविरुद्ध तीस हजार सह्या जमल्यास तो लोकांच्या मतास टाकावा लागेल. त्या काळी सत्ता उदारमतवाद्यांच्या हाती होती आणि कॅथलिक हे अल्पसंख्य होते. १८८२ मध्ये शाळांवर देखरेख ठेवण्यासाठी केंद्रात एक शिक्षण-सचिव नेमण्याचे ठरले. आपल्या शाळांतून धर्मशिक्षण हद्दपार होईल, या भीतीने कॅथलिक खेडी जागी झाली. परंपरानिष्ठ प्रॉटेस्टंटही त्यांच्या बाजूला आले. तीस हजारांची गरज असताना दीड लाखाहून अधिक सह्या जमल्या आणि २६ नोव्हेंबर १८८२ रोजी मतदारांनी तो बेत मोठ्या बहुमताने फेटाळला. पुढे संविधानात दुरुस्ती सुचवण्याचा हक्क लोकांना मिळावा, म्हणून संसदेत प्रस्ताव आणणाऱ्यांत योसेफ झेम्प हे कॅथलिक पुढारी होते. तो हक्क १८९१ मध्ये मिळाला.

सागरापलीकडे, अमेरिकेच्या डाकोटा प्रांतात, हीच मागणी एका कॅथलिक धर्मगुरूने उचलून धरली. फादर रॉबर्ट हेअर हे मूळचे मिशिगनचे. प्रॉटेस्टंट घरात वाढून त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. १८८० मध्ये ते डाकोटाच्या गवताळ माळरानावर आले. गवताच्या मुळांसह कापलेल्या मातीच्या ढेकळांची घरे बांधून राहणारे शेतकरी हीच त्यांची मेंढरे. रेल्वे कंपन्या आणि धान्याचे व्यापारी या शेतकऱ्यांना कसे नाडतात आणि विधिमंडळ त्या कंपन्यांच्या मुठीत कसे राहते, हे ते रोज पाहत होते. कायदा करण्याचा अधिकार लोकांनी आपल्याच हाती राखून ठेवावा, असे ते शेतकरी आणि कामगार संघटनांतून सांगू लागले. त्यांचे राजकारण बिशपांना रुचले नाही आणि काही वर्षे त्यांना धर्मसेवेपासून दूर राहावे लागले. मागणी मात्र त्यांनी सोडली नाही. १८९८ मध्ये साउथ डाकोटाच्या मतदारांनी ती संविधानात लिहिली. असा हक्क देणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य ठरले.

परंतु या हक्काचे नाव सर्वत्र गाजले ते ऑरेगन राज्यामुळे. तेथील विल्यम यूरेन हा लोहाराचा मुलगा. स्वतः लोहारकाम करता करता तो कायदा शिकला. स्वित्झर्लंडच्या पद्धतीवरील एक छोटे पुस्तक त्याच्या हाती पडले आणि त्याला जणू आयुष्याचे काम सापडले. मिल्वॉकी गावातील लुएलिंग या फळबागायतदार कुटुंबाने त्याला आसरा दिला. शेतकऱ्यांचे मेळे, कामगारांच्या संघटना यांची एक संयुक्त समिती उभी राहिली. माहितीपत्रके घरोघर वाटली गेली, हजारो सह्या विधिमंडळापुढे ठेवण्यात आल्या. विधिमंडळाने पहिल्यांदा दाद दिली नाही. १८९७ चे अधिवेशन तर आपसांतील भांडणात वायाच गेले. यूरेनने माणसे जोडणे थांबवले नाही. संविधानातील दुरुस्ती लागोपाठ दोन विधिमंडळांनी संमत करणे आवश्यक होते. १८९९ आणि १९०१ मध्ये ते घडले. जून १९०२ मध्ये मतदारांनी ६२,०२४ विरुद्ध ५,६६८ अशा मतांनी तिला मान्यता दिली. मतदारांपैकी आठ टक्क्यांनी सह्या केल्या की नवा कायदा सुचवता येई आणि पाच टक्क्यांनी केल्या की विधिमंडळाचा कायदा मतास टाकता येई.

हक्क वापरलाही गेला. १९०४ मध्ये आपल्या भागात दारूविक्री असावी की नसावी, हे तेथील मतदारांनीच ठरवावे असा कायदा लोकांनी केला. स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न ऑरेगनमध्ये अनेकदा फेटाळला गेला होता. १९१२ मध्ये तो याच मार्गाने सुटला.

आणि मग आला १९२२ चा नोव्हेंबर महिना. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत परकीयांविषयी संशय पसरला होता आणि कू क्लुक्स क्लान ही द्वेषमूलक संघटना फोफावली होती. कॅथलिक म्हणजे रोमच्या हुकमतीतील परके, असा तिचा प्रचार असे. आठ ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे, असा कायदा सह्या गोळा करून मतास ठेवण्यात आला. फ्रीमेसन मंडळींपैकी एका शाखेने तो पुढे केला आणि क्लानने त्याला बळ दिले. त्याचा सरळ अर्थ असा की कॅथलिक शाळांना टाळे लागणार. लुथरन, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, ज्यू आणि अनेक विचारी प्रॉटेस्टंट यांनीही विरोध केला. तरीही ७ नोव्हेंबर रोजी तो १,१५,५०६ विरुद्ध १,०३,६८५ मतांनी संमत झाला. ज्या कागदाने रेल्वे कंपन्यांच्या मुठीतून विधिमंडळ सोडवले, त्याच कागदाने आता धर्मभगिनींच्या शाळा बंद होणार होत्या.

येशू आणि मरिया यांच्या पवित्र नावांच्या धर्मभगिनी १८५९ पासून ऑरेगनमध्ये शिकवत होत्या. आर्चबिशप अलेक्झांडर क्रिस्टी यांच्या पाठिंब्याने त्यांनी न्यायालयाची पायरी चढली. नाइट्स ऑफ कोलंबस या संघटनेने खर्चाचा भार उचलला. एक खासगी सैनिकी शाळाही त्यांच्याबरोबर उभी राहिली. १ जून १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की मूल ही राज्याची मालमत्ता नव्हे आणि त्याचे शिक्षण कसे व्हावे हे ठरवण्याचा अधिकार आईवडिलांचा आहे. तो कायदा अमलात येण्यापूर्वीच रद्द झाला. आर्चबिशप क्रिस्टी यांना मात्र हा निकाल ऐकायला मिळाला नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ते निवर्तले होते.

स्वित्झर्लंडमध्येही असेच घडले होते. १८९१ चा नवा हक्क लोकांनी पहिल्यांदा यशस्वीपणे वापरला तो १८९३ मध्ये. जनावराला आधी बेशुद्ध केल्याखेरीज त्याची कत्तल करू नये, अशी ती दुरुस्ती होती. प्राण्यांची दया हे कारण अनेकांच्या मनात खरोखरच असेल, परंतु घाव बसला तो मूठभर ज्यू लोकांच्या धर्माचारावर. अकरा वर्षांपूर्वी अल्पसंख्य म्हणून कॅथलिकांनी ज्या मतपेटीचा आश्रय घेतला होता, त्याच मतपेटीने दुसऱ्या अल्पसंख्यांची दारे बंद केली.

यावरून सार्वमत हेच वाईट, असा निष्कर्ष काढणे आम्हाला योग्य वाटत नाही. ऑरेगनच्या कॅथलिकांनीही तसा तो काढला नाही. त्यांनी लोकांचा हक्क काढून घ्या असे म्हटले नाही. त्या हक्काला संविधानाची मर्यादा आहे एवढेच ते म्हणाले. लोकांचे मत कायदा घडवू शकते, परंतु आईच्या मांडीवरील मुलावरचा तिचा अधिकार किंवा शेजाऱ्याची उपासना हे मतांनी मोजण्याचे विषय नव्हेत.

आपल्या देशाच्या संविधानात सह्या गोळा करून कायदा सुचवण्याची सोय नाही. तरी ही वाट आपल्याला अगदीच अनोळखी नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या जनतेने जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन न होता केंद्रशासित राहण्याचा निर्णय दिला आणि हजारो मनांना वेदना झाल्या असतानाही तो दोन्ही बाजूंनी मानला. महाराष्ट्रातील खेड्यांत महिलांनी सह्यांचे अर्ज देऊन गुप्त मतदान घडवले आणि 'आडवी बाटली'वर शिक्का मारून दारूची दुकाने बंद पाडली. ऑरेगनच्या १९०४ च्या कायद्याचे हे दूरचे भावंडच. दुसरीकडे, अल्पसंख्यांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३० मध्ये लिहिलेला आहे आणि तो कोणत्याही गावच्या बहुमतावर अवलंबून नाही. आपल्या धर्मग्रामातील शाळा त्याच आधारावर उभ्या आहेत.

म्हणून उद्या कोणी सहीसाठी आपल्या दारी आला, तर त्याला परत पाठवू नये. कागद हाती घ्यावा आणि नीट वाचावा. त्यात आपल्याला काय मिळणार हे तर पाहावेच. परंतु गावात जे सर्वांत थोडे आहेत, त्यांच्या घरातून हा कागद काय घेऊन जाणार आहे, हे आधी पाहावे. मगच सही करावी.