पाणबुड्याच्या मनगटावरील गणित

पाण्यांत बुडी घेणाऱ्या मनुष्याला दोन भयें असतात, असें सामान्यतः मानलें जातें: एक श्वास कोंडण्याचें आणि दुसरें जलचरांचें. परंतु ज्याच्या पाठीवर हवेचें नळकांडें आहे त्याचें खरें भय तिसरेंच आहे. तें उतरतांना दिसत नाहीं आणि खालीं असतां जाणवत नाहीं. वर आल्यावर मात्र सांध्यांतील कळा, अंगाची खाज, क्वचित् पक्षाघात, अशा रूपानें तें प्रकट होतें. या भयाचा हिशेब ठेवण्यासाठीं आज पाणबुड्याच्या मनगटावर घड्याळासारखें एक यंत्र असतें. त्याला सर्वत्र 'डाइव्ह कॉम्प्युटर' म्हणतात. आपण त्याला गणकयंत्र म्हणूं. तें स्वस्त घ्यावें कीं महाग, एक घ्यावें कीं दोन, हा प्रश्न बेताच्या मिळकतीच्या प्रत्येक नव्या पाणबुड्यापुढें असतो. त्याचें उत्तर दुकानदारापेक्षां इतिहास अधिक चांगलें देतो, असें मला वाटतें.

हा विकार प्रथम ध्यानांत आला तो समुद्रांत नव्हे, तर खाणींत व पुलांच्या पायांत. फ्रान्समध्यें ल्वार नदीच्या कांठीं ट्रिजे नांवाच्या इंजिनियरानें खाणींतील पाणी हटविण्यासाठीं दाबलेल्या हवेचा उपयोग केला, आणि तेथून बाहेर पडलेल्या मजुरांच्या सांध्यांत वेदना होतात, अशी नोंद १८४१ सालीं केली. पुढें अमेरिकेंत सेंट लुई येथें मिसिसिपी नदीवर पूल बांधतांना नदीच्या तळाशीं दाबलेल्या हवेच्या पेटाऱ्यांत मजूर काम करीत. त्यांतील कित्येक लुळे झाले, कित्येक मेले. त्यांच्यावर देखरेख करणारे डॉक्टर जामिने हे स्वतःच १८७० सालीं या विकाराला बळी पडतां पडतां वांचले. न्यूयॉर्क येथील ब्रुकलिन पुलाचे मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग यांना १८७२ मध्यें याच विकारानें अंथरुणास खिळविलें. त्यांच्या सूचना कामावर पोंचविण्याचा भार त्यांच्या पत्नी एमिली यांनीं १८८३ सालीं पूल पुरा होईपर्यंत वाहिला.

कारण सांपडलें तें १८७८ सालीं. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें आपल्या मोठ्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, दाबाखालीं श्वासाबरोबर जाणारा नत्रवायु रक्तांत व मांसांत विरघळून राहतो. दाब एकाएकीं कमी झाला कीं त्याचे बुडबुडे होतात. सोडावॉटरची बाटली फोडतांच जें घडतें तेंच मनुष्याच्या देहांत घडतें. म्हणून हळूहळू वर यावें, असा त्याचा उपदेश होता. परंतु हळूहळू म्हणजे किती हळू? याचें उत्तर देण्यास गणिताची गरज होती.

तें गणित जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं मांडलें. ब्रिटिश आरमाराच्या विनंतीवरून त्यांनीं लंडनच्या लिस्टर संस्थेंत एका पोलादी कोठडींत शेळ्यांवर प्रयोग केले. आरमारांतील डॅमंट व कॅटो हे दोन पाणबुडे १९०६ सालीं स्कॉटलंडच्या समुद्रांत २१० फुटांपर्यंत उतरून सुखरूप वर आले. बॉयकॉट व डॅमंट यांच्यासह लिहिलेला हॉल्डेन यांचा निबंध १९०८ मध्यें प्रसिद्ध झाला.

त्यांचा विचार शाळेंतील हौद व तोट्यांच्या उदाहरणासारखा आहे. शरीर म्हणजे एक हौद नव्हे, तर पांच हौद आहेत असें समजावें. एक लवकर भरतो व लवकर रिकामा होतो, तर शेवटच्याला फार वेळ लागतो. पहिला पांच मिनिटांत अर्धा भरतो, पुढच्या पांच मिनिटांत उरलेल्याचा अर्धा, आणि असेंच पुढें. इतर चार हौदांचे अर्धे भरण्याचे काळ दहा, वीस, चाळीस आणि पंचाहत्तर मिनिटें धरले. तसेंच, तेहतीस फुटांवर, म्हणजे दुप्पट वायुभाराखालीं, कितीही वेळ राहून वर आलेल्या पाणबुड्यास त्रास होत नाहीं, असा अनुभव होता. तेव्हां दाब एका वेळीं निम्म्यापर्यंत उतरविणें निर्धोक मानावें आणि मग पायरीपायरीनें थांबत वर यावें, हा त्यांचा नियम. या नियमावरून कोष्टकें तयार झालीं. पुढील संशोधनानें आंकडे बदलले, पण हौदांची ही कल्पना आजतागायत टिकली आहे.

१९४३ सालीं फ्रान्समध्यें कुस्तो व गान्यां यांनीं पाठीवरील श्वासयंत्र सिद्ध केलें. मग केवळ आरमारी नोकरच नव्हे, तर हौशी माणूसही पाण्यांत स्वैर हिंडूं लागला. त्याला कोष्टकांची अडचण भासूं लागली. कोष्टक सर्वांत अधिक खोलीच जाणतें. शंभर फुटांवर पांच मिनिटें राहून उरलेला अर्धा तास तीस फुटांवर घालविला, तरी कोष्टक म्हणणार कीं सर्व वेळ शंभर फुटांवरच गेला. म्हणून खोली बदलेल तसा हिशेब बदलणारें यंत्र हवें होतें. १९५९ सालीं इटलींत एस्. ओ. एस्. या नांवाचें असें एक यंत्र निघालें. त्यांत वायु एका पिशवींतून सच्छिद्र मातीच्या तुकड्यामधून हळूहळू पाझरे आणि कांटा हाले. युक्ति चतुर होती, परंतु पांच हौदांचें काम एकाच हौदावर भागविलें होतें. एका दिवसांत अनेक बुड्या घेणाऱ्यास तें यंत्र आवश्यक तितकें थांबावयास सांगत नसे. पाणबुड्यांनीं त्याला, विकार आपोआप देणारें यंत्र, या अर्थाचें विनोदी नांव ठेविलें.

खरी क्रांति १९८३ सालीं झाली. त्या वर्षीं अमेरिकेंत 'एज' व स्वित्झर्लंडमध्यें 'डेकोब्रेन' हीं विजेरीवर चालणारीं गणकयंत्रें बाजारांत आलीं. त्याच वर्षीं झुरिक येथील प्राध्यापक आल्बर्ट ब्युलमान यांनीं आपलें सोळा हौदांचें गणित ग्रंथरूपानें जगापुढें ठेविलें. माझ्या मतें या इतिहासांतील सर्वांत मोठें दान हेंच होय. ही विद्या कोणा एका कारखान्याच्या तिजोरींत कुलूपबंद राहिली नाहीं. पुढें १९८७ च्या सुमारास होकायंत्रें करणाऱ्या फिनलंडच्या सूंटो कंपनीनेंही गणकयंत्र काढलें, आणि हळूहळू किंमती उतरल्या.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. महागड्या यंत्रांत रंगीत पडदा असतो, नळकांड्यांतील हवेचा दाब बिनतारी कळतो, होकायंत्र असतें. परंतु जीव ज्यावर अवलंबून आहे तो हिशेब खोली व वेळ या दोनच गोष्टींवरून होतो, आणि तो स्वस्त यंत्रही करतें. इटलीच्या क्रेसी कंपनीचें 'लिओनार्दो' एकाच बटनावर चालतें व त्याची बॅटरी मालकाला स्वतः बदलतां येते. मुख्य यंत्र निवडतांना आंकडे मोठे व गढूळ पाण्यांतही वाचतां येण्याजोगे आहेत ना, बॅटरी घरीं बदलतां येते ना, प्राणवायु वाढविलेल्या हवेचा हिशेब होतो ना, आणि हिशेब अधिक सावध करण्याची सोय आहे ना, एवढें पाहावें. हवेचा दाब दाखविणारा साधा कांटा वेगळा ठेवणें स्वस्तही पडतें व अधिक सोयीचेंही.

उरलेल्या पैशांत दुसरें यंत्र घ्यावें. ही चैन नव्हे. १८३१ सालीं निघालेल्या 'बीगल' जहाजावर बावीस कालमापक घड्याळें होतीं, कारण एका घड्याळाची चूक दुसऱ्या घड्याळावांचून कळत नाहीं, हें दर्यावर्दी मंडळी जाणून होती. पाणबुड्याचें यंत्र बुडींत बंद पडलें तर बुडी तत्काळ थांबवावी, हळू वर यावें व पंधरा फुटांवर थांबावें, हें तर खरेंच. पण त्याबरोबर मागील बुड्यांचा सर्व हिशेब पुसला जातो. १९८८ सालीं अमेरिकेंतील पाण्याखालील शास्त्रज्ञांच्या परिषदेनें असें ठरविलें कीं, नवें गणकयंत्र सुरू करण्यापूर्वीं अठरा तास बुडी घेऊं नये. म्हणजे दुसरें यंत्र नसेल तर भरपूर खर्च करून केलेल्या प्रवासांतील एक दिवस कांठावर बसण्यांत जातो.

मात्र दुसरें यंत्र पिशवींत ठेवून उपयोग नाहीं. त्यानें पहिल्या बुडीपासून अंगावर असलें पाहिजे. जें यंत्र कांठावर राहिलें त्याला तुमच्या देहांतील नत्राची वार्ता कशी असणार? त्याच कारणास्तव सोबत्याचें यंत्र हें तुमचें यंत्र नव्हे. दोन्ही यंत्रांचें गणित शक्यतों एकाच पद्धतीचें असावें. निराळ्या पद्धतींचीं यंत्रें निराळीं उत्तरें देतात व खालीं मनाचा गोंधळ होतो. तरीही मतभेद झालाच, तर जें अधिक थांबावयास सांगतें त्याचेंच ऐकावें. ज्याला दुसरें यंत्र परवडत नाहीं त्यानें घड्याळ, खोलीमापक व कोष्टक जवळ बाळगून पहिल्या बुडीपासूनच कोष्टकाच्या मर्यादेंत राहावें. कारण यंत्राच्या आधारें लांबविलेली बुडी मध्येंच कोष्टकाला सोंपवितां येत नाहीं.

आपल्या कोंकणांत मालवण व तारकर्ली येथें हौशी लोक शिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यांत उतरतात. त्यांना या खरेदीची घाई नको. परंतु त्यांतूनच कांहीं तरुण रीतसर शिक्षण घेऊन अंदमानच्या खोल पाण्याकडे जातात, आणि त्यांच्या घरच्यांना हा खर्च अनाठायीं वाटतो. त्यांना एवढेंच सांगावयाचें कीं, जें गणित ठाऊक नसल्यामुळें सेंट लुईचे मजूर लुळे झाले, तें आज एका साध्या यंत्रांत मिळतें. तथापि यंत्राला खोली व वेळ कळते, धारण करणाऱ्याचा थकवा, वय वा तहान कळत नाहीं. म्हणून त्यानें दिलेल्या मुदतीच्या अगदीं टोकापर्यंत न जाणें, हें जें शहाणपण, तें मात्र कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच बाळगावयाचें असतें.